खांडीतली होडी

"बूच नको काढू, तुलश्या! बूच काढून होडी तळाला बसायला सांज होईल. कुऱ्हाड घाल!" बळीराम पाटील बांधावरून ओरडत होता.

तुळशीराम होडीत उभा होता. होडी त्याचीच. दगडांनी आणि चिखलाने काठोकाठ भरलेली, दोन्हीकडच्या दोरांनी खांडीच्या तोंडाशी आडवी ताणलेली. रात्रीच्या उधाणात खाडीचं पाणी अडवणारा खारबांध फुटून ही खांड पडली होती. आता दुपारची भरती चढत होती आणि त्या खांडीतून पनवेलची खाडी गावाच्या भातात शिरत होती. दगड, पेंढा, माती, टाकाल ते पाणी गिळत होतं. खांडीच्या मापाची वस्तू गावात एकच होती.

म्हणजे, दुसरीही होती. कमळाकरपंत खोतांचा जुना मचवा, बंदरात नुसता बांधून ठेवलेला. बळीराम पहाटेच जाऊन पाया पडून आला होता.

"कूळकायद्याने जमीन तुमची झाली ना रे?" खोत म्हणाले होते. "मग बांधही तुमचाच. सांभाळा."

पिढ्यान्‌पिढ्या अर्धं भात उचललं, तोवर बांध यांचा. जमीन गेली तशी बांधावर टोपलीभर माती टाकायची यांनी बंद केली. हा बांध पाण्याने फोडला असं कोणी म्हटलं, तर ते खोटं आहे.

तुळशीरामला मात्र जमीन कधी नव्हतीच. कायद्याने त्याला काही दिलं नाही. बापाने ठेवलेली ही होडी, गोदू. तिच्यातून गावाचं भात मुंबईला न्यायचं, त्यावर दोन माणसांचं पोट.

"जमिनी त्यांच्या, आन् होडी आमची का?" त्याची बायको रंभा काठावरून किंचाळली.

तुळशीरामच बोलला, "खारं पानी बसलं तं तीन वरसं भात नाय पिकनार. मंग होडीत काय भरू, रंभे? गावाची हाडं?"

"गाव तुला इसरनार नाय, तुलश्या," बळीराम म्हणाला. "माजा सबूद हाय."

"सबूद खांडीत टाक आदी!" रंभा म्हणाली. "बगू, पानी थांबतंय का!"

मग तीच पाण्यात उतरली. छातीइतक्या पाण्यात उभी राहून तिने होडीचं पुढचं टोक, ती उंच नाळ, दोन्ही हातांनी धुतली. कनवटीची कुंकवाची पुडी सोडली आणि नाळेला मळवट भरला.

"सवाशीन जाऊ दे," म्हणाली. "घाला आता."

तुळशीरामचा पहिला घाव दगडावर बसला. दुसरा फळीवर. तिसऱ्याला फळी फुटली आणि पाणी त्याच्या पोटऱ्यांपर्यंत आलं. कमरेला लागलं तरी तो बाहेर निघेना. बळीरामने उडी मारली आणि त्याला दंडाला धरून ओढून काढलं.

होडी खांडीत बसली. पाणी थांबलं. माणसं नाचली, आणि नाचता नाचता तिच्यावर मातीच्या टोपल्या ओतत राहिली.

दिवाळीनंतर भात झोडलं. गाव वाचलं होतं. खोतांनी मचव्याच्या फटी बुजवून घेतल्या, रंग दिला आणि भात न्यायला बांधाशी आणून लावला.

"दुसरी होडी कुटं हाय आता?" बळीराम तुळशीरामच्या नजरेला नजर न देता म्हणाला. खोटं काय होतं त्यात? दुसरी होडी नव्हतीच. "पोती वाहायला ये. पयली हाक तुलाच."

तुळशीराम गेला. पोट होतं.

बांधाच्या खाडीकडच्या उतारावर गोदूची नाळ वीतभर वर राहिली होती. चिखलात पाय टेकायला बरी. पाठीवर पोतं घेतलेला जो तो तिच्यावर पाय देऊन मचव्यात चढत होता. त्यात बळीरामचे पोरगेही होते.

"अरे तुळशीराम, त्या लाकडावरून ये," मचव्यातून छत्रीखालचे खोत म्हणाले. "पोतं भिजवशील."

तुळशीरामने पोतं पाठीवरून डोक्यावर घेतलं. नाळेला वळसा घातला आणि बाजूच्या चिखलात उतरला. गुडघाभर. पाय लवकर सुटेना. मागची माणसं खोळंबली. त्याने एक हात पोत्याला ठेवला, दुसऱ्याने पाय उपसला आणि पुढे टाकला, चिखलातच.