लॉकचा आवाज

शिरड शहापुरात घरच्या शेडमध्ये गाडी उचलायची लिफ्ट असलेला माणूस एकच, तातेराव. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शन करतात, यांनी दोन खांबांची लिफ्ट बसवली. बायकोनं, नर्मदाबाईंनी, तेव्हा दोन दिवस अबोला धरला होता. पण तातेरावांची शिस्त कडक. तेल पाझरतंय का, गाडी पेलणाऱ्या लोखंडी वायरचा एखादा धागा सुटलाय का, हे रोज पाहिल्याशिवाय ते बटणाला हात लावत नसत. गाडी वर चढताना खांबातला लॉक एकेका खाचेत बसला की खट् असा आवाज येई. "तेलाच्या दाबावर गाडी नुसती उचलायची. खाली उभं ऱ्हायचं ते लॉकच्या भरवशावर," असं ते येईल त्याला बजावत.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. वर्षभरापासून तो खट् आवाज त्यांना ऐकू येत नव्हता. वाजला असणारच, असं धरून ते चालत. सांगितलं असतं तर घरच्यांनी लिफ्ट विकायला लावली असती आणि मग दिवसभर करायचं काय?

दसऱ्याला नर्मदाबाईंनी पाने-हातोड्या अशी सगळी अवजारं मांडून पूजा केली. लिफ्टला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. माळ घसरत होती, म्हणून लॉक सोडायचा दांडा खाली ओढून माळेचा लाल नाडा त्यांनी तिथंच करकचून आवळला. पूजेचं बांधलेलं आपल्या हातानं सोडायचं नाही, आपोआप गळू द्यायचं, ही त्या घरची रीत. तातेरावांनी माळेला हात जोडले आणि पुरणपोळीवर ताव मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुरुस्तीला आलेली रिझवानची जीप वर घेतली. पाना घेऊन खाली जायला वाकले, तोच स्वयंपाकघरातून नर्मदाबाई पिठाच्या हातानं धावत आल्या.

"आवो, जाऊ नका खाली! आज वाजलं न्हाई!"

"वाजलं की," तातेराव सवयीनं म्हणाले.

"न्हाई वाजलं. भाकरी थापताना रोज कान तिकडंच असतो माझा. खट् झालं की जीव भांड्यात पडतो."

तातेरावांनी खांबाकडं पाहिलं. दांडा बांधलेला, लॉक खाचेबाहेरच राहिलेला. एवढी जीप नुसत्या तेलावर उभी होती. त्यांनी ती हळूहळू खाली उतरवली.

"म्याच बांधलं, ह्याच हातानं," म्हणत नर्मदाबाई उंबऱ्यावर बसल्या आणि रडू लागल्या.

आता गप्प राहिलं की झालं. सगळा दोष नाड्यावर जाणार होता, लिफ्टही राहणार होती. पण त्यांचं रडणं तातेरावांना बघवेना.

"रडू नको," ते म्हणाले. "वाजलं न्हाई हे मला कळायला पायजे व्हतं. मला ऐकूच येत न्हाई, वर्स झालं. तुमा सगळ्यांना फसवत राहिलो."

नर्मदाबाईंनी पदरानं डोळे पुसले. आता लिफ्ट विका म्हणणार, असं तातेरावांनी मनात धरलं. त्या उठल्या, आतून विळा आणला आणि पूजेचा नाडा स्वतःच्या हातानं कापून टाकला.

"चढवा वर. मी ऐकते."

जीप चढू लागली. नर्मदाबाईंनी एक बोट वर केलं, मग दुसरं, मग तिसरं. तातेरावांनी गाडी लॉकवर टेकवली आणि वळून पाहिलं. आतून भाकरी करपल्याचा वास येत होता, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी मान डोलावली, तेव्हाच तातेराव खाली गेले.