पासवर्ड कुणी बदलला?

भोसरीतल्या आपल्या गाळ्यात दादासाहेबांचा तसा कुणावरच विश्वास नव्हता. त्यात दसऱ्यानंतर गाळा उघडला आणि कॉम्प्युटर पासवर्डच घेईना, मग तर विचारूच नका. लेथचे सगळे प्रोग्राम त्यातच. पासवर्ड ठाऊक असलेली माणसं दोन: ते स्वतः, आणि चाकणला नोकरी लागली म्हणून सणाआधी काम सोडलेला ऑपरेटर दिग्विजय. संशयाला आणखी काय हवं! दिग्विजय फोनवर शपथा घेत होता, पण दादासाहेबांनी तडक चाकणच्या मॅनेजरला फोन लावला. "पोरगं चोर हाय. आमचा कॉम्प्युटर बंद पाडून आलंय तुमच्याकडं."

दोन दिवसांनी मारुंजीहून भाची सुप्रिया आली. आयटीतली, आणि गाळ्यातला कॉम्प्युटर ज्या लिनक्स प्रणालीवर चालायचा तिच्यावरच काम करणारी. तिने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, दुरुस्तीच्या मेनूत शिरली आणि पासवर्ड न देताच आत पोचली.

"असं कुणीबी शिरतं व्हय?" दादासाहेबांनी डोळे बारीक केले.

"मशीन हाताशी असलं तर शिरतं, मामा. म्हणून तर गाळ्याला कुलूप लावायचं."

"मग नवा पासवर्ड मी टाकनार. तू तिकडं बघ."

सख्खी भाची, पण तिलाही भिंतीकडे तोंड करायला लावलं. त्यांनी एकेक बटण दाबलं. पडद्यावर काहीच उमटेना.

"दिसंना काय गं?"

"तसंच असतं. कुणी बघू नये म्हणून."

हे मात्र त्यांना मनापासून पटलं.

नवा पासवर्ड चालला. सुप्रियाने ब्रॅकेटचा प्रोग्राम शोधायला इंग्रजीत नाव टाइप केलं, तर त्यातला 'के' गायब. पुन्हा दाबलं, तरी नाही. तिने ते बटण उचकटलं. खाली वाळून घट्ट झालेला पेढा, वर कुंकू आणि झेंडूची पाकळी.

खंडेनवमीला मशिनींची पूजा दादासाहेबांनी स्वतःच्या हाताने केली होती. लेथला हार घातला आणि कीबोर्डवर नैवेद्याचा पेढा ठेवला.

"मामा, जुन्या पासवर्डात हे अक्षर होतं का?"

होतं. पासवर्ड खंडोबाच्या नावाचा, त्यात पहिलंच ते. नव्यात त्यांनी स्वतःचं नाव टाकलं होतं, त्यात ते नव्हतं. कुणीच काही बदललं नव्हतं. दादासाहेबांनी घाईघाईने चाकणला फोन लावला.

"साहेब, माझीच चूक झाली. पोरगं सोन्यासारखं हाय."

"अहो, त्याला परवाच नको म्हणून कळवलं," मॅनेजर म्हणाला. "तुमच्याच शब्दावर. ती जागाही भरली."

दादासाहेब स्टुलावर बसले. लाज वाटत होती, तरी त्यांनी दिग्विजयचा नंबर लावला. त्याने लगेच उचलला.

"बोला, दादा," तो म्हणाला. "आज काय चोरलं मी?"