बुरुल आपांचा होकार

"ती बाटली माझ्या घरात आणायची नाही," बुरुल आपा दारातच म्हणाल्या. "मॉर्फिन म्हणजे मरणाऱ्याचं औषध. माझी नात मरत नाहीये."

आसिल वाद न घालता आत आली. डोंगराळ नारिन भागातल्या गावांत घरोघरी जाऊन बरी न होणारी मुलं सांभाळणारी ती नर्स. औषध द्यायला एक क्षण पुरे. ते देऊ देणारं घर मिळवायलाच तिचे आठवडे जात.

शेगडीजवळ मेएरिम पडून होती. तिची आई मॉस्कोत कामाला, घरात आजी नि नात दोघीच. हाडांचा कॅन्सर, बिश्केकच्या डॉक्टरांनी हात टेकून घरी पाठवलेली.

आपा चहा आणायला वळल्या तशी आसिलने हळूच विचारलं, "दुखतंय?"

"खूप. पण आपाला सांगू नको हं, ताई. ती गोठ्यात जाऊन रडते. बिचाऱ्या गाईला वाटतं, आपलंच काही चुकलं."

आसिलला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही. "मी नाही सांगणार. तूच सांग. मी बसते तुझ्याजवळ."

आपा परतल्या. मेएरिमने आसिलचं बोट घट्ट धरलं.

"आपा, मला रोज दुखतं. 'बरंय' म्हणते ते खोटं."

आपांनी चहाची वाटी खाली ठेवली. "मग बोलली का नाहीस गं, गाढवे?"

"तू रडतेस म्हणून."

आपा कितीतरी वेळ तिचे पाय चोळत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "या औषधानं ती लवकर जाईल का?"

"नाही, आपा. आहेत ते दिवस तिला जगता येतील."

"दे मग."

पुढच्या खेपेला आसिलला आरडाओरडा अंगणातूनच ऐकू आला. मेएरिम उशीला टेकून आजीशी मेंढीच्या हाडांचे फासे खेळत होती.

"लबाड! अगदी आजोबावर गेलीस!"

"हरली की अशीच चिडते ही," मेएरिम आसिलला म्हणाली आणि तोंडात लोणी लावलेला पाव कोंबला.

डोंगरावरचं बर्फ वितळू लागलं तेव्हा ती आजीच्या मांडीवर, झोपेतच गेली. त्यानंतर आसिलला नव्या घराचं दार वाजवायचा धीर होईना. नोकरी सोडावी, असंही मनात येऊन गेलं.

एका सकाळी दवाखान्याच्या पायरीवर आपा उभ्या.

"खालच्या गावातला तो बाप पोराला औषध देऊ देत नाही म्हणे?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"इथं काय लपून राहतं? चल, गाडी काढ. आधी मी बोलते."

त्या घरासमोर आसिल गाडीतच थांबली, आपा एकट्याच आत गेल्या. दार बराच वेळ बंद होतं. मग ते उघडलं, आणि आपांनी हात हलवून तिला आत बोलावलं.