शेपटीकडून पाहिलेला सिनेमा

मित्रांनो, तुम्ही सगळे माझ्याकडे तोंड करून बसता, पण मला पाहायला मात्र कुणीच येत नाही. मला त्याचा राग नाही. पडद्याच्या नशिबी तेच असतं. मी बऱ्हाणपूरच्या शनवारा भागातल्या एका टॉकीजचा जुना पडदा. आता एक गोष्ट सांगतो, ती तुम्हाला खोटी वाटेल. एवढे सिनेमे माझ्या अंगावरून गेले, पण मी त्यातला एकही पाहिलेला नाही. पाहणार कसा? चित्र पडतं माझ्या अंगावर आणि नजर असते समोर. मला दिसतात ती फक्त तुमची तोंडं. सिनेमा चांगला की वाईट, रडवणारा की झोपवणारा, हे मी त्यांच्यावरूनच ओळखतो.

माझा जन्म याच गावचा. माझं कापड इथल्याच लूमवर, म्हणजे विजेच्या मागावर, विणलं गेलं. दगा नावाच्या शिंप्याने पट्ट्याला पट्टा जोडून मला एवढा थोरला केला. शिवण दिसू नये म्हणून वरून पांढऱ्या रंगाचे हात दिले आणि मागच्या भोंग्याचा आवाज आरपार यावा म्हणून अंगभर बारीक भोकं पाडली. तेव्हा फार दुखलं, पण करता काय, नटायचं तर सोसावं लागतं. मला चौकटीवर ताणून बांधलं त्या दिवशी सगळ्या गल्लीला पेढे वाटले होते.

काय दिवस होते ते. गाणं लागलं की चिल्लर उडायची, शिट्ट्यांनी कान किटायचे. बायकांच्या रांगांत पदर डोळ्यांना लागले की समजावं, सिनेमा चार आठवडे हलत नाही. आणि त्यात आमचे ‘शेपटीवाले’ होते. ते कोण, ते सांगतो. फोपनार आणि जसोंडी या खेड्यांकडून येणारी बस दुपारचा खेळ अर्धा झाल्यावर गावात पोहोचायची. मग तिकडची मंडळी अंधारात चाचपडत यायची आणि अर्ध्यापासून शेवटापर्यंत सिनेमा पाहायची. डोअरकीपर त्यांना उठवायचा नाही. ते तसेच बसून राहायचे आणि पुढच्या खेळात सुरुवात पाहायचे. आपण आलो होतो ती जागा आली की कुणीतरी म्हणायचं, “चला, आपलं इथून होतं,” आणि सगळी रांग उठून बसकडे निघायची. आधी शेपूट पाहायचं आणि मग डोकं. नायिका का रडते ते त्यांना नंतर कळायचं, पण रडून ते आधीच घ्यायचे.

पुढे घरोघरी टीव्ही आले, मग हातोहात मोबाईल आले. मला विचारतो कोण? टॉकीजचे मालक सुधाकरशेठ सणासुदीला तेवढे दोन-चार सिनेमे लावायचे. एरवी पंख्यांवर कबुतरं नांदायची आणि माझ्या उजव्या कोपऱ्याची शिवण उसवली तरी कुणाला पत्ता नव्हता.

अशात एक दिवस भूमिका नावाची तरुणी आली. ही शनवाऱ्यातल्या रजनीबाईंची मुलगी. रजनीबाई शाळेत शिक्षिका, फार शिस्तीच्या. भूमिकाने सिनेमा शिकून स्वतःचा पहिला सिनेमा काढला होता, तोही मराठी, तोही इथेच. त्याचं नाव ‘कडी’. त्यातलं घर फोपनारच्या मनकर्णाबाईंचं होतं. सुधाकरशेठने तिला लहानपणापासून पाहिलेली. ते म्हणाले, “शुक्रवार ते रविवार लावतो, बेटा. पब्लिक बसली तर पुढे बघू.”

सिनेमा मनाच्या भीतीचा होता. एक बाई आपल्याच घराला बाहेरून कडी घालते आणि पळत सुटते. आतून कुणीतरी दार वाजवत असतं. इथून सिनेमा सुरू होतो. पुढचा प्रसंग त्याच्या आदल्या दिवसाचा, त्याच्या पुढचा त्याहून आधीचा. असा तो उलटा चालत जातो आणि आत कोण आहे, हे अगदी शेवटी कळतं. हे सगळं मला नंतर समजलं. शुक्रवारी मला दिसली ती फक्त गोंधळलेली तोंडं.

अर्धा तास झाला नाही तोच कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे, ही बाई आत्ता तर पळून गेली होती, परत स्वयंपाक कशी करते? कुणी म्हणे, हिची बहीण असेल, जुळी. मागच्या रांगेतून रितेश ओरडला, “अरे भैया, रील उल्टी लगा दी क्या?” झालं, सगळा हॉल हसला. हा रितेश म्हणजे मनकर्णाबाईंचाच नातू, कॉलेजात जाणारा. आता मित्रांनो, रिळं कधीच गेली. आता सिनेमा संगणकातून येतो, तो उलटा लागायचा कसा? पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्यात आणखी एक घोटाळा झाला. सिनेमाभर मागे खट, खट, खट असा बारीक आवाज होता. आमच्या गावात गल्लोगल्ली लूम. ती खटखट इथल्या माणसाच्या कानात इतकी मुरली आहे, की ती त्याला ऐकूही येत नाही आणि आली तरी लूमचीच वाटते. सुधाकरशेठना वाटलं, शेजारच्या लूमचा आवाज हॉलमध्ये घुसतोय. त्यांनी आधी दारं लावून घेतली, मग प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये सांगून सिनेमाचाच आवाज बारीक केला. जो आवाज ऐकवण्यासाठी सिनेमा काढला, तोच बंद झाला.

रजनीबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मागून शिट्टी आली की त्यांची मान एकेक इंच खाली जायची. मध्यांतरात कुणीतरी त्यांच्या तोंडावर म्हणालं, “बाई, पोरीनं पैसे बुडवले की हो.” त्यांनी पर्स उचलली आणि निघून गेल्या. भूमिका दाराशी उभी होती. आई जाताना तिने पाहिली आणि तिचा चेहरा असा उतरला, की मला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला पाय असते तर बरं झालं असतं.

शनिवारी दुपारी हॉल रिकामा असताना सुधाकरशेठ तिला समजावू लागले. माणूस मनाने चांगला, पण हिशेब सरळ. ते म्हणाले, “हे बघ बेटा, तू लोकांना आधी आचवायला लावलंस आणि मग ताट वाढलंस. मी काय करतो, मध्यांतरानंतरचा भाग आधी लावतो आणि पहिला नंतर. सरळ होऊन जाईल. कुणाला काही समजणार नाही.”

भूमिका म्हणाली, “काका, तसं केलं तर समजायला काही उरणारच नाही. शेवटी काय आहे ते आधी कळलं, तर लोक बिचारी म्हणतील आणि घरी जातील. मला ते नको. त्यांनी आधी त्या बाईला नावं ठेवावी, वेडी म्हणावं, आणि मग त्यांना कळावं.” मग हळूच म्हणाली, “आणि तो शेवट आईसाठी आहे. तिला मी तोंडाने कधी सांगू शकले नाही. तिने एकदा शेवटपर्यंत बसावं, एवढंच पाहिजे. मग उद्या सिनेमा उतरवला तरी चालेल.”

सुधाकरशेठने कपाळाला हात लावला, पण सिनेमाला हात लावला नाही. तेवढ्यावरून मी त्यांची जुनी सगळी हयगय माफ केली.

तिकडे फोपनारला रितेशने घरी जाऊन हसत हसत सांगितलं, की आजी, तुझं घर दिसतं पण सिनेमा उलटा आहे, आधी शेवट दाखवतात. मनकर्णाबाई केळीची पानं निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “मंग काय झालं? आम्ही तं जलमभर असेच सिनेमे पाह्यले.” हे रितेशनेच नंतर सगळ्यांना सांगितलं, कान पकडून.

रविवारी केळी वाहणारा पिकअप टॉकीजपुढे थांबला आणि त्यातून फोपनारच्या बायका उतरल्या. सगळ्यांत पुढे मनकर्णाबाई. रजनीबाई मध्येच उठून गेल्याचं रितेशकडून कळलं होतं, म्हणून येताना त्यांनी वाट वाकडी करून रजनीबाईंच्या घरापुढे गाडी थांबवली होती. बाई नाही म्हणत होत्या, डोकं दुखतं म्हणत होत्या. मनकर्णाबाईंनी त्यांच्या हाताला धरलं आणि म्हणाल्या, “डोकं तठीबी दुखीन. चाल.” अशा बाईपुढे शाळेची शिस्त काय टिकणार? दोघी येऊन शेजारी शेजारी बसल्या.

सिनेमा सुरू झाला. नायिका कडी घालून पळाली, दुसऱ्या प्रसंगात पुन्हा घरात दिसली आणि मागून हसणं सुरू व्हायच्या आत मनकर्णाबाई मोठ्याने म्हणाल्या, “हे शेपूट आहे, लोकहो. डोकं मांगून येईन. गुमान बसा.” हॉल हसला, पण हे हसणं शुक्रवारचं नव्हतं. बाल्कनीतले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “अरे हो, आम्ही जसोंडीहून यायचो तेव्हा असंच पाहायचो.” आणि मग बघता बघता सगळा हॉल कामाला लागला. अनुमानं सुरू झाली. मनकर्णाबाईंनी छातीठोकपणे जाहीर केलं, की आत नवरा कोंडलेला आहे. पुढच्या प्रसंगात नवरा बाजारात भाजी घेताना दिसला. मग त्या म्हणाल्या, सासू असेल. सासूच्या फोटोला हार दिसला. त्या जराही ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, “मंग शेजारीण. तिची नजर मले पह्यलेपासूनच बरी वाटत नाही.” शुक्रवारी ज्यांना काही कळत नव्हतं, तीच माणसं आता एकमेकांशी पैजा लावत होती. मी इतकी वर्षं तोंडं वाचतो, पण एवढा जागा हॉल फार दिवसांनी पाहिला.

आणि मग मागची ती खटखट वाढली. सुधाकरशेठ सवयीने केबिनकडे निघाले. तेवढ्यात मनकर्णाबाई शेजारच्या खुर्चीकडे वळून म्हणाल्या, “कोण वाजवू रायलं दार?”

रजनीबाई म्हणाल्या, “लूम आहे हो. इथे असतंच.”

“लूम नाही व माय. लूम थकत नाही. हे पाह्य, थांबू थांबू वाजतं. कोणाचा तरी हात दुखू रायला.”

फोपनारला लूम नाहीत, मित्रांनो. त्यांच्या कानांना सवय नव्हती, म्हणून त्यांना ऐकू आलं. सुधाकरशेठ वाटेतच थांबले. त्यांनी कान दिला. मग केबिनमध्ये गेले आणि आवाज वाढवला. खट. खट. खट. सगळ्या हॉलने एकदम मान वर केली. माझ्या अंगातल्या भोकाभोकांतून तो आवाज बाहेर जात होता आणि मला पहिल्यांदाच कळत होतं, की मी काय सांगतो आहे.

शेवटचा प्रसंग आला. दाराच्या आत नवरा नव्हता, शेजारीण नव्हती. एक लहान मुलगी होती. खेळता खेळता भावंडांनी तिला कोठीच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली आणि पतंगामागे धावताना भावंडंच तिला विसरून गेली. ती मुलगी दार वाजवते आहे, आणि गल्लीतल्या लूम तिच्यापेक्षा जोरात वाजताहेत. तीच मोठी होऊन पळणारी बाई झाली. तिने कडी घातली तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतंच. तिचंच लहानपण आतून दार वाजवत होतं.

मागच्या रांगेत रितेशने तोंडावर हात धरला होता. ज्यांनी ज्यांनी तिला वेडी म्हटलं होतं, ते सगळे खाली पाहत होते. मनकर्णाबाई उठल्या. गुडघे धरत धरत पुढे आल्या, थेट माझ्यापाशी. “थांब व बाई, काढते,” म्हणाल्या आणि जिथे कडीचं चित्र पडलं असेल तिथे त्यांनी माझ्यावर हात ठेवला. कुणी हसलं नाही. माझ्या अंगाला आजवर फेकलेली चिल्लर लागली होती, शेंगांची टरफलं लागली होती. प्रेमाने ठेवलेला हात लागला नव्हता.

दिवे लागले तरी कुणी उठेना. भूमिका दारापासून पुढे आली. मनकर्णाबाईंनी विचारलं, “पोरी, मंग कोणी काढली कडी?”

भूमिका त्यांच्याशी बोलत होती, पण पाहत होती तिसऱ्या रांगेकडे. ती म्हणाली, “आईनेच काढली, आजी. संध्याकाळी लाइट गेली. सगळ्या लूम बंद पडल्या. तेव्हा तिला ऐकू आलं.”

रजनीबाई खुर्चीतून उठल्या. त्या म्हणाल्या, “मी त्याच भिंतीपलीकडे वह्या तपासत बसले होते. दुपारभर. मला वाटलं, तू विसरलीस. म्हणून मी कधी बोलले नाही.”

“मलाही वाटलं, तू विसरलीस,” भूमिका म्हणाली.

मग रजनीबाईंनी लेकीला जवळ घेतलं, अगदी सगळ्यांच्या देखत. शिस्तीच्या बाई ढसाढसा रडल्या. सुधाकरशेठ नाक शिंकरत बाहेर गेले आणि पोस्टरवरचा ‘फक्त रविवारपर्यंत’ हा कागद फाडून आले. सिनेमा अजून चालू आहे. परवा त्यांनी माझा उसवलेला कोपराही शिवून घेतला.

तेव्हा मित्रांनो, तुम्ही मला झटका, पुसा, शेंगा मारू नका, हे तर मी म्हणेनच. जुन्या वस्तूंनी असं म्हणायचंच असतं. पण मला मागायचं आहे ते निराळं. कुणी आपली गोष्ट शेपटीकडून सांगू लागलं, अडखळत सांगू लागलं, तर हसून उठून जाऊ नका. तुमच्या घरातही भिंतीपलीकडे कुणीतरी हळूच दार वाजवत असेल. आपली खटखट जरा थांबवा आणि ऐका. त्यासाठी लाइट जायची वाट पाहू नका.