तीस दिवसांतला एकोणतिसावा

शुक्रवारी दुपारी जानकाबाई माझ्या दुकानात आल्या, पण शिवायला काही आणलं नव्हतं. घोडेगावच्या स्टँडमागे माझं शिलाईचं दुकान आहे. डोंगरातल्या गावांच्या बायका गाडी लागेपर्यंत तिथे टेकतात. बाई स्टुलावर बसल्या आणि पिशवीतून एक जाडजूड पाकीट काढून त्यांनी कापडं कापायच्या टेबलावर ठेवलं. पाकिटाची चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

"वैजू, ह्यात माझी एफडी हाय का बघ."

बत्तीस वर्षं अंगणवाडी सांभाळून बाई रिटायर झाल्या, तेव्हा त्यांना एकरकमी लाखभर रुपये मिळाले. नात कल्याणी नर्सिंगला आहे, तिची दुसऱ्या वर्षाची फी जुलैत भरायची. तोवर पैसे बिनघोर राहावेत म्हणून बाई बँकेत एफडी करायला गेल्या. तिथल्या टायवाल्या पोराने "काकू, एफडीपेक्षा भारी देतो" म्हणत पेन्सिलीने फुल्या मारल्या, आणि बाईंनी फुल्या मारल्या तिथे तिथे सह्या केल्या. आणि काल शेजारच्या गेणभाऊंनी बाईंच्या मोबाइलवरचा जुना मेसेज वाचून सांगितलं, "बाई, ही विम्याची पॉलिसी हाय. गेलं तुमचं लाख."

रात्रभर बाईंचा डोळा लागला नव्हता, हे त्यांनी सांगितलं नाही. दिसत होतं.

"पण पाकीट फोडलं का नाही?"

"पावती कुनी फोडून ठिवतं का? बंदच्या बंद पेटीत ठिवली, कागुद खराब व्हायला नको म्हून."

मी कात्रीने पाकीट उघडलं. आत बत्तीस पानं. मी चष्मा लावला. इंग्रजी मला अडखळतच येतं, पण असल्या कागदांतले शब्द तेच ते असतात. वर्तमानपत्राचं पैशाचं पान वाचून आणि दोनदा स्वतः फसून ते शिकले आहे.

"एफडी नाही बाई. हा प्रीमियम आहे."

"म्हंजी?"

"एफडीत पैसे एकदा ठेवायचे, मुदत संपली की व्याजासकट घ्यायचे. प्रीमियम दर वर्षी भरायचा. इथे लिहिलंय, वर्षाला एक लाख, दहा वर्षं."

"अगं, माझ्या आख्ख्या नोकरीचं मिळून एक लाख झालं! दरसाल कुठनं आनू?"

"आणि लॉक-इन पाच वर्षं. म्हणजे तोवर पैशाला हात लावायचा नाही."

"पाच वर्सांत कल्याणी नर्स होऊन माझंच बीपी बघंल की."

मी हसले, बाई हसल्या नाहीत. पुढे युनिट आले. बाईंच्या पैशाचे बाजारात तुकडे घेतलेत, त्यांना युनिट म्हणतात आणि त्यांचा भाव रोज बदलतो, असं मी सांगितलं.

"नारायणगावच्या टोमॅटोवानी?"

"तसंच म्हणा."

"मंग फी भरायच्या दिवशी भाव पडला तर?"

हा प्रश्न त्या टायवाल्याला कुणी विचारला असता तर बरं झालं असतं. वस्तू वाईट नव्हती. ज्याचा पैसा दहा-पंधरा वर्षं मोकळा आहे, त्याने खुशाल घ्यावी. जुलैच्या फीला मात्र तिचा काही उपयोग नव्हता.

नवव्या पानावर मला हवं ते सापडलं. "बाई, हे बघा. फ्री लूक."

"आता हे काय नवीन?"

"माझ्याकडचा ब्लाउज घरी नेऊन घालून बघता. काखेत आवळला तर परत आणता ना?"

"आवळतोच तुझा."

"बरं, आवळतो. तशी पॉलिसी परत करता येते. थोडे खर्चाचे कापून बाकी पैसे परत. पण तीस दिवसांच्या आत."

बाईंचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. "सह्या करून दीड म्हैना झाला, वैजू."

"सहीपासून नाही मोजायचं. कागद हातात पडल्यापासून. पाकीट कधी आलं?"

दुसऱ्या कुणी "आलं मागं कधीतरी" म्हटलं असतं. बाईंनी बत्तीस वर्षं तारखा लसीकरणावर मोजल्या होत्या.

"पोलिओचा रविवार व्हता ना, त्याच्या आदल्या गुरवारी. नवीन सेविका घरं चुकते, म्हून मी चिठ्ठ्या वाटायला संगं गेले व्हते. वढ्यापाशी पोस्टमन भेटला, तितंच सही घेतली त्यानं."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी बोटाने दिवस मोजले. चुकले असेन म्हणून बाईंनीही मोजले. पाकिटावरचा स्पीड पोस्टचा नंबर मोबाइलमध्ये टाकला. तोच गुरुवार निघाला.

आजचा दिवस एकोणतिसावा. तिसावा उद्या, म्हणजे महिन्याचा दुसरा शनिवार. बँक बंद.

घड्याळात पावणेतीन वाजले होते.

मी बिलबुकातला कार्बन दोन कोऱ्या कागदांमध्ये घातला आणि अर्ज लिहिला. पॉलिसी क्रमांक, मिळाल्याची तारीख, मला एका वर्षाच्या आतली एफडी हवी होती, दर वर्षी लाख भरायची माझी ऐपत नाही, फ्री लूकमध्ये रद्द करून पैसे माझ्या खात्यात द्यावेत. बाईंनी सही करण्याआधी अर्ज माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. न ऐकता सही करायची नाही, हे आता त्यांनी ठरवलंच होतं.

तडक बँक गाठली. टायवाल्याचं नाव सूरज. पोरगा वाईट नव्हता, त्याला महिन्याचं टार्गेट होतं. "काकू, आत्ता काढलं तर तुमचं नुकसान आहे. चांगला परतावा आहे."

"परतावा मला जुलैत पायजे. देतोस जुलैत?"

"तसं नसतं काकू..."

"मंग हे घे. आन् ह्याच्यावर मिळाल्याचा शिक्का दे, आजच्या तारखेचा."

"शिक्का कशाला? मी करतो ना प्रोसेस."

"बाळा, मी बत्तीस वर्सं खाऊची पाकिटं मोजून घेतली आन् मोजून दिली. शिक्क्याबिगर एक न्हाई सोडलं."

आतून मॅनेजर बाई बाहेर आल्या. अश्विनी मॅडम. त्यांनी अर्ज वाचला, पाकीट पाहिलं आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारला. कार्बनची निळी प्रत बाईंनी पदरात धरली. शिक्का केव्हाच वाळला होता, तरी बाई तिच्यावर फुंकर मारत बाहेर आल्या. पायरीवर बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "भजी खाऊ गं. सकाळपास्नं पोटात काय न्हाई."

चारची गाडी बाईंनी सोडून दिली.

तेराव्या दिवशी पैसे आले. नव्याण्णव हजार तीनशे आणि काही. "सातशे कुठं गेलं?" म्हणून बाईंनी मला अर्धा तास धारेवर धरलं. स्टँप ड्युटी, भावातला फरक, तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे, सगळं समजावलं. मान्य केलं नाही. बोलता बोलता डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते दुःखाचं नव्हे, एवढं मला कळलं.

दुसऱ्या दिवशी कल्याणीला घेऊन त्या एफडी करायला गेल्या. मीही दुकानाला कुलूप लावून गेले. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म पुढे केला, पेन्सिलीने फुली मारली. बाईंनी कल्याणीला फॉर्म दिला.

"मोठ्यानं वाच."

कल्याणीने वाचायला सुरुवात केली. मुदत नव्वद दिवस. व्याजाचा दर. मुदतीआधी मोडली तर दंड किती. नॉमिनी कोण, म्हणजे आपल्यामागे पैसे कुणाच्या हाती द्यायचे. प्रत्येक ओळीला बाई "म्हंजी?" विचारत होत्या आणि समजल्याशिवाय पुढे जाऊ देत नव्हत्या. मागे रांग वाढत गेली.

"ओ बाई, अंगणवाडी भरवली का काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"भरवली," बाई मागे न बघता म्हणाल्या. "बसा खाली, गलका करू नका. हां, कल्याणी. दंडाचं परत एकदा वाच."