उथळ कोरलेलं नाव

बुडालेल्या युद्धनौकेवरच्या एक्याऐंशी खलाशांची नावं दगडात कोरायचं काम बंदर कचेरीने पाथरवटाला दिलं. यादीत एक नाव कोणाचं असणार, हे त्याला न वाचताच ठाऊक होतं. इंजिनखोलीतला फिटर, त्याच्या बायकोचा पहिला नवरा.

लग्नाला जेमतेम चौदा महिने झाले होते, तोच फिटर जहाजासकट तळाशी गेला. तीन वर्षांनी तिने पाथरवटाशी लग्न केलं. त्यालाही आता नऊ वर्षं झाली होती. सात वर्षांची मुलगी होती, संसार बरा चालला होता. पण बायको फिटरबद्दल अवाक्षर काढायची नाही, ना चांगलं ना वाईट, आणि तेच पाथरवटाला खुपायचं. जिवंत माणसाशी चार हात तरी करता येतात. हा मात्र सत्ताविसाव्या वर्षी, डोक्यावर भरघोस केस घेऊन कायमचा ठाण मांडून बसला होता. पाथरवटाला टक्कल पडून पाच वर्षं झाली होती.

काळी शिळा कारखान्यात आली आणि बायको रोज दुपारी स्वतः डबा घेऊन यायला लागली. नऊ वर्षांत चारदा आली असेल नसेल.

"मी नेला असता की सकाळी," तो म्हणाला.

"मला यायचं होतं," ती म्हणाली आणि शिळेवरून नजर फिरवत राहिली.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच, ती यायच्या आत, त्याने फिटरचं नाव उरकलं. बाकीची ऐंशी नावं त्याने बोटाचं टोक रुतेल अशी कोरली. या एका नावाला मात्र हात आखडता घेतला. वरून पांढरा रंग भरल्यावर फरक कोणाला दिसेना.

अनावरणाला फिटरची म्हातारी आई दूरच्या गावाहून आली. तिची दृष्टी पार गेली होती. भाषणं संपल्यावर बायकोने तिचा हात धरून शिळेपाशी नेलं. म्हातारीने वरचं नाव बोटाने अक्षर न् अक्षर वाचलं. मग बोट खाली सरकलं आणि घसरत गेलं.

"इथे काहीच नाही गं."

"आहे, आई. पांढऱ्या रंगात आहे."

"रंग मला कुठे दिसतो?"

बायकोने स्वतःचं बोट फिरवून पाहिलं. मग मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

पाथरवटाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो पुढे आला. "आई, यात माझी कसूर आहे. आत्ता नीट करून देतो."

कारखाना जवळच होता. त्याने छिन्नी-हातोडी आणली आणि गुडघे टेकून बसला. मागे खुर्च्या आवरत होते. म्हातारी शेजारी बसून लेकाच्या गोष्टी सांगू लागली. एकदा हा पठ्ठ्या शिट्टी वाजवत चुकून दुसऱ्याच जहाजावर चढला होता. त्यावर बायको खळखळून हसली. तसं हसणं पाथरवटाने घरात कधी ऐकलं नव्हतं. छिन्नी क्षणभर थांबली, पुन्हा चालू लागली.

दीड तासाने म्हातारीने बोट फिरवलं. "आता आहे," ती म्हणाली, आणि त्याच्या धुळकट डोक्यावरून तिने हात फिरवला.

तिला बसमध्ये बसवून दोघं चालत घरी निघाली.

"मुद्दाम केलंत ना?"

"हो."

"का?"

"रोज यायचीस ना त्याच्यासाठी."

"ते नाव कोरताना तुम्ही एकटे नसावेत म्हणून यायचे," ती म्हणाली. "तर तुम्ही माझ्या आधीच उरकून मोकळे झालात."

त्याला मान वर करवेना. तरी आतली जळजळ पुरती निवली नव्हती. "मघाशी हसलीस तशी माझ्यापाशी कधी हसत नाहीस."

"तुम्ही कधी काही सांगता का हसण्यासारखं?"

मग तो अडखळत, शिकाऊ असताना एका वकिलाच्या पाटीवर आपण भलतंच नाव कोरलं होतं, ते सांगायला लागला. ती हसली नाही. पण कोपरा वळताना तिने विचारलं, "मग वकील काय म्हणाला?"