सी लख्दर यांनी घातलेली अंडी

मित्रांनो, मी एक जुनी कासवीण आहे. वय पन्नाशीपुढे असावं. कवचाच्या कडा झिजल्या आहेत आणि मागच्या बाजूला निळीचा डाग आहे, तो काही जात नाही. मी कासवीण आहे हे आधीच सांगून टाकते, कारण कैरवान गावातल्या ज्या घरात मी राहते, तिथे ते कळायला बावीस वर्षं लागली.

हम्मादी नावाच्या लोकर रंगवणाऱ्याने मला डोंगरउतारावरून उचलून आणलं. अंगणात कासव असलं की घराला दृष्ट लागत नाही, म्हणून आमच्या गल्लीत घरोघरी एखादं असतंच. त्या सगळ्यांत मी मोठी आणि चालही भारदस्त. एवढं मोठं म्हणजे पुरुषच, असं हम्मादीने ठरवलं आणि मला सी लख्दर म्हणू लागला. आमच्याकडे 'सी' हा मानाच्या पुरुषांसाठीचा शब्द. खरं तर आमच्यात मादीच मोठी असते, पण शेपूट पाहायची तसदी कोणी घेतली नाही.

हम्मादीने माझे फार लाड केले. अंजीर काय, कलिंगडाच्या साली काय! तो गेल्यावर त्याची बायको मन्नूबिया माझ्याशीच बोलू लागली. "सी लख्दर, तुमचा दोस्त गेला आणि तुम्ही आपले चरताय! त्याला सांगा, आता मलाही बोलाव म्हणावं," असं म्हणायची आणि पुदिन्याची काडी माझ्यापुढे धरायची. माझा तिच्यावर फार जीव.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मात्र दरवर्षी आमचं बिनसायचं. नर सोबत नसला तरी आम्हाला अंडी येतात, फक्त त्यांतून पिल्लं निघत नाहीत. ती पुरायला मी मागच्या पायांनी पुदिन्याचा वाफा उकरायची, आणि मन्नूबिया झाडू घेऊन यायची. "या बाप्याला म्हातारचळ लागलाय!" मी अर्धा खड्डा सोडून पळायची. कासव पळतं म्हणजे किती, ते तुम्हाला ठाऊक आहेच. मग अडगळीत कुठेतरी अंडी टाकायची. ती उंदीर साफ करत.

गेल्या वसंतात दुजा नावाच्या शेजारणीला सी लख्दर एकटे पडल्याची दया आली. लग्न लावायचं ठरलं. तिने आपलं लहानसं कासव टोपलीतून आणलं, कवचावर मेंदीची बोटं ओढलेली. टोपलीतून उतरताच नवरीने मला धाडकन टक्कर दिली आणि पायाला चावे घेतले.

"अगं बाई, काय कजाग नवरी आणलीस!" मन्नूबिया ओरडली.

"तुझा नवरदेवच मेंगळट, तर ती काय करणार?" दुजा फणकारली.

मित्रांनो, आमच्यातले नर असेच मागणी घालतात. नवरी आमच्याच अंगणात राहिली.

महिन्या-सव्वा महिन्याने, मन्नूबिया बाजारात गेलेली असताना मी वाफ्यात पाच अंडी पुरली आणि माती सारखी केली. ती परतली आणि उपटलेला पुदिना पाहून भडकली. "पुरे झालं! आता इथे फरशीच घालते."

दुसऱ्या दिवशी फरशीवाला तय्यब आला. त्याने वाळू-सिमेंट कालवलं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बोलता येत नाही, म्हणून मी वाफ्यावर जाऊन बसले. त्याने उचलून बाजूला ठेवलं, मी परत आले. असं तीनदा झालं. तय्यब खेड्यातला, कासवांत वाढलेला. चौथ्यांदा त्याने मला उलटी करून पाहिलं.

"मावशी, याला हाक काय मारता?"

"सी लख्दर."

तो हसत सुटला. "पोट बघा, पाटासारखं सपाट. शेपूट बोटाच्या पेराएवढं. अहो, ही बाई आहे!" मग त्याने नवरी उचलली. "आणि हिचं पोट खोलगट, शेपूट लांब, जाड, बाजूला दुमडलेलं. हा बाप्या."

"मग ही उकरते कशाला..." मन्नूबियाचं वाक्य अर्धंच राहिलं.

तय्यबने थापी ठेवली आणि हातांनी माती सरकवली. पांढरी अंडी दिसली. त्याने ती न हलवता पुन्हा झाकली.

मन्नूबिया तिथेच मातीत बसली. माझ्या कवचावर हात ठेवून म्हणाली, "बाळंतिणीला झाडूने हाकललं गं मी." आणि रडली. फरशी परत गेली.

मित्रांनो, आम्हाला नाव देण्याआधी एकदा पोट आणि शेपूट पाहा. पण उलटं धरून ठेवू नका, श्वास कोंडतो. आणि आम्ही माती उकरू लागलो, तर झाडू उचलण्याआधी थोडा विचार करा.

उन्हाळा सरताना वाफ्यातून तीन पिल्लं वर आली. मन्नूबियाने तय्यबला निरोप धाडून बोलावलं. "सांग बाबा, यातला बाप्या कोण आणि बाई कोण?"

"इतक्यात नाही कळायचं मावशी. लहानपणी सगळ्यांच्या शेपट्या सारख्याच. आठ-दहा वर्षं थांबावं लागेल."

मन्नूबिया एकाहत्तर वर्षांची आहे. तिने तिन्ही पिल्लं ओच्यात घेतली.

"हम्मादीला म्हणावं, इतक्यात बोलावू नकोस," ती मला म्हणाली. "मी यांना चुकीची नावं देऊन येणार नाही."